आमच्या घराची हाक

घाटंजीबाहेरच्या आमच्या वस्तीत डुकरं दिवसभर मोकाट फिरतात, पण प्रत्येक घराची हाक वेगळी. आईनं संध्याकाळी "हुर्रर्र ये, हुर्रर्र ये" केलं की फक्त आमचीच धावत यायची. शेजाऱ्यांची ढुंकूनही बघायची नाहीत. ती हाक मलाही येते.

त्या वर्षी डुकरांना ताप आला. कान जांभळे पडून, झटके येऊन ती पटापट मेली. प्रयोगशाळेत मी याच तापाच्या विषाणूच्या एका प्रथिनावर काम करत होते. पेशीच्या पडद्यात ते बारीक भोक पाडतं, क्षार इकडचे तिकडे वाहतात आणि नवे विषाणू बाहेर पडायला मोकळे होतात. भोक बुजवलं की विषाणू लुळा पडतो. हे मी घरी मोठ्या फुशारकीनं सांगितलेलं.

"मंग बुजव ना," आई म्हणाली. "इतकी शिकली कायले?"

"काचेच्या बशीत जमते, आई. जित्या डुकरात नाही जमलं अजून."

"मंग काय जमते तुले?"

माझं डोकंच फिरलं.

आमची गाभण डुकरीण तापातून उठली, व्याली. पिल्लं गुबगुबीत. मी त्यांचं रक्त तपासून आणलं, तर ती आईच्या पोटातूनच विषाणू घेऊन आलेली. दिसायला धडधाकट, पण जातील तिथे रोग सांडणारी. वस्तीनं ठरवलं, मारायची.

काठ्या निघाल्या. पहिल्या घावात एका पिल्लाचं डोकं फुटलं. त्याच्या किंकाळीनं बाकीची कपाशीत पळाली. डुकरीण उलटली, भावाच्या पोटरीचा लचका तोडला. त्यानं तिच्या मानेत कुऱ्हाड घातली, तरी ती मेली नाही, रक्त ओकत फिरत राहिली. कपाशीपलीकडे दुसरी वस्ती होती, तिथेही डुकरं; पिल्लं पोचली की रोगही पोचणार.

"हाक मार, आई!" भाऊ ओरडला. आईनं पदर तोंडात कोंबला.

मग मी मारली. हुबेहूब तिच्या आवाजात. पिल्लं शेपट्या हलवत माझ्या पायाशी आली. पुढच्यांवर काठ्या पडत होत्या, हाडं मोडत होती, तरी मागची येतच राहिली. एक तर माझ्या पायांमध्ये लपलं. तिथेच त्याला ठेचलं.

आईनं पुढं नवी पिल्लं आणली आणि त्यांना नवी हाक शिकवली. मी घरी असले की ती हाक मारायला आई नाल्यापलीकडे जाते.