मुंगीचा दाखला

एका दमलेल्या माणसाला मी चारचौघांत आळशी म्हणालो. पन्नास-साठच्या दशकातली गोष्ट. अमरावतीच्या एका मिशन शाळेत मी शिकवत होतो आणि पवित्र शास्त्रातली नीतिवचनं भेटेल त्याला ऐकवत होतो.

बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीत तो रोज समोर असायचा. भाकरीचं फडकं मांडीवर, एक हात खिडकीच्या गजात अडकवलेला. “अमरावती आली का उठवजा, भाऊ,” असं शेजाऱ्याला सांगून तो डोळे मिटायचा.

एकदा मी त्याला हलवून जागं केलं आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणालो, “आळशी माणसानं मुंगीकडून शिकावं, असं आमचं शास्त्र सांगतं.”

“ऊठ बे, मुंगळ्या!” कोणीतरी ओरडलं. डबा हसला.

त्यानं डोळे चोळले. आवाज न चढवता म्हणाला, “मास्तर, मुंगीच्या घरी कोनी बिमार नसते. माह्या बायकोले रातभर दम लागते. तिले धरून बसा लागते.”

दुसऱ्या दिवसापासून तो शेजारच्या डब्यात दाराशी उभा दिसू लागला. त्याची तेवढी एकच झोप मी घालवली होती. वचन खरंच होतं, पण समोरच्या माणसाकडे न बघता मी ते फेकून मारलं होतं. हे कळूनही तोंड उघडायला मला आठवडा लागला.

मग त्याला विनवून आमच्या डब्यात आणलं. सगळ्यांदेखत म्हणालो, “मामा, माझं चुकलं. माफ करा. तुम्ही झोपा, मी उठवतो.”