शेवंतामावशीत रवा

आमच्या घरात साखर शेवंतामावशीत असते.

चहापत्ती धोंडीभाऊंमध्ये आणि हरभराडाळ कै. गेनूमामांच्या स्मरणार्थ. यात गोंधळून जाण्यासारखं काही नाही. लग्न असो, घरभरणी असो की कुणी वारल्यावरचं पुण्यानुमोदन, आमच्याकडे स्टीलचा डबा देतात आणि डब्यावर देणाऱ्याचं नाव घालून घेतात. पूर्वी तळेगावच्या बाजारातला भांडीवाला छिन्नी-हातोडी घेऊन टिकटिक करत एकेक ठिपका ठोकायचा. डब्यात काय भरायचं ते नंतर आई ठरवायची. एकदा ठरलं की ठरलं. माणसं वारली तरी डाळ बदलायची नाही!

तिकोणा पेठेतल्या आमच्या घरी अशा डब्यांची भिंतभर मांडणी होती. आई चुलीपुढून हाक मारायची, "सुमे, धोंडीभाऊ खाली घे!" आणि मी स्टुलावर चढून धोंडीभाऊ खाली घ्यायचे. एकदा खरी शेवंतामावशी पाहुणी आलेली असताना आई आतून ओरडली, "शेवंतीला मुंग्या लागल्यात गं, तिला जरा उनात ठिव!" मावशी बाहेर पायरीवर पान लावत बसली होती. चुना लावलेलं बोट तसंच वर धरून तिनं विचारलं, "आता मी काय केलं?"

वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली, घोरावाडी स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये. येताना तिने चार लुगडी आणि एकोणीस डबे आणले. (माझ्या घरातले प्लास्टिकचे डबे तिने एका दुपारी भंगारवाल्याला देऊन टाकले. मला विचारलं नाही.) पुढे तिला काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळा. आई म्हणाली, "डोळं जाऊद्यात. हात हायती माजं." आणि तिने स्वयंपाकघर काही सोडलं नाही. सोडलं असतं तर दिवसभर ती करणार काय, हा प्रश्न मी कधी मोठ्याने विचारला नाही. उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मी शाळेत हेडक्लार्क आहे. अडचण दिसली की मी एक तर अर्ज लिहिते, नाहीतर लेबल लावते. काचबिंदूपुढे अर्ज चालत नाही. म्हणून ठरवलं, सगळ्या डब्यांना लेबलं. मोठी, काळी, तीन-तीन इंची अक्षरं. आईला लांबून दिसली पाहिजेत!

"रेडियमवाल्याला सांग, दोन तासांत कापून देईल," नवरा म्हणाला.

हे अगदी खरं होतं, आणि म्हणूनच मी ते ऐकलं नाही. कारण तोवर मी मोबाईलवर एक बाई बघितली होती. तिचं स्वयंपाकघर पांढरंशुभ्र. ती एका छोट्या मशीनमध्ये स्टिकरचा कागद सरकवायची, मशीन गुणगुणत अक्षरं कापायचं, आणि ती हसत हसत ती बरणीवर चिकटवायची. तिच्या बरण्यांवर कुणाचंही नाव नव्हतं. मला वाटलं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे.

मशीन निवडायला मी आठ महिने घेतले. वही केली. ब्लेड, आवाज, रुंदी, हमी, मराठी अक्षरं, सगळ्याचे रकाने आखले. ज्याने माझ्याशी नजर मिळवली त्याला मी मशीनबद्दल सांगितलं. मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज घेऊन गेले आणि ब्लेडच्या दाबावर वीस मिनिटं बोलले. रजा मंजूर झाली. त्यांनी तारखाही वाचल्या नाहीत.

पहिलं मशीन जेवणाच्या डब्याएवढं, गोड. पण त्याच्या ॲपमध्ये मराठी टाकलं की काना एकीकडे आणि वेलांटी भलतीकडे. ते बाद. दुसरं चांगलं होतं, पण त्याला पुढे फूटभर आणि मागे फूटभर मोकळी जागा लागणार होती. कापताना कागद लावलेली मॅट मागे-पुढे सरकते ना! नवऱ्याने टेप घेऊन अख्खा फ्लॅट मोजला.

"अशी जागा एकच आहे. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली खिडकी."

"मग तिथं ठेवू."

"मॅट मागून बाहेर येईल ती थेट आत्यांच्या पोळपाटावर." (आईला तो आत्या म्हणतो.)

"येऊ दे. परत जाईल."

आतून आईचा आवाज आला, "माज्या पोळपाटावर काय बी येऊद्या, लाटून काढीन!"

तिसरं मशीन बघायला लोणावळ्याला गेलो. एक रेडियमवाला त्याचं जुनं, पायांवर उभं राहणारं मशीन विकायला काढणार होता. त्याच्या दुकानात नंबरप्लेटा आणि चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या रचून ठेवलेल्या.

"कशासाठी पाहिजे मॅडम? गाड्या की दुकानं?"

"डाळी."

"होलसेल का?"

"नाही. घरातल्या."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. नवऱ्याने समोर रचलेल्या पाट्या मन लावून वाचायला घेतल्या. मी वही उघडली आणि सांगितलं, "मूगडाळ कापून दाखवा." त्याने कापली. मी कागदावरून सोलायला गेले तर प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन वेगळं निघालं. माझ्या बोटांना चार अक्षरं चिकटली आणि मूगडाळ दुकानभर झाली!

"ताई, मशीनचा काय दोष नाही," तो म्हणाला. "अक्षरं आधी जोडून घ्यायची असतात, मग कापायला द्यायची. कुठलंही मशीन घ्या, हेच आहे."

म्हणजे आठ महिने ज्या रकान्यात मी गुण देत होते, तो रकानाच मशीनचा नव्हता. परत येताना कामशेतला नवरा म्हणाला, "तरी वही छान झालीय."

शेवटी ते दुसऱ्या नंबरचं, खिडकीतलं मशीनच घेतलं. स्टिकरचे कागद दोन प्रकारचे मिळत होते, नंतर काढता येणारा आणि कायमचा. मी कायमचा घेतला. लेबल काढायला थोडीच लावतं माणूस!

वैशाख पौर्णिमेच्या आधी आई चार दिवस भावाकडे तिकोणा पेठेला गेली. मी ठरवलं, ती यायच्या आत सगळे डबे लेबल लावून तयार ठेवायचे. एकोणीस लेबलं कापली, सोलली, चिकटवली. फक्त शेवंतामावशी ऐकेना. तिला पोटाशी मोठा पोचा. 'साखर' चिकटवलं की 'ख' त्या खड्ड्यात बसायचा. साखरेसारखी महत्त्वाची वस्तू अशा डब्यात शोभत नाही, म्हणून साखर रव्याच्या गुळगुळीत डब्यात हलवली आणि मावशीत रवा भरला. 'रवा' दोनच अक्षरं, पोच्याच्या वर मावली.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी आई आली. मी दिवे लावून तिला डब्यांपुढे उभं केलं.

"कसं दिसतंय?"

"काळं काळं कायतरी दिसतंय," ती म्हणाली. "बरं हाय."

मी हे कौतुक समजले.

दर वैशाख पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात आईच्या हातची तांदळाची खीर असते. पाच लिटर दुधाची. ती दुसऱ्या कुणी करायची नाही. सकाळी मी अंघोळीला गेले तेव्हा दूध आटलं होतं, भात शिजला होता आणि नवरा पळी घेऊन पातेल्यापाशी उभा होता. मला न्हाणीघरातून सगळं ऐकू येत होतं.

"आत्या, साखर विरघळत नाही."

"ढवळा जावई. हात चालवा."

"आत्या, जड झालंय हो."

"दूध आटल्यालं हाय, जड व्हनारच."

पळीचा आवाज थांबला.

"आत्या, पळी उभी राहिलीय."

"कोणी धरलीया?"

"कुणीच नाही!"

मी ओल्या केसांनी धावले. पातेल्यात पळी झेंड्याच्या काठीसारखी उभी होती. आईने अख्खी शेवंतामावशी दुधात रिकामी केली होती.

नवऱ्याने चव घेतली. "रवा," तो म्हणाला. आणि मग त्याने हळूच डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पाण्याच्या माठाकडे बघितलं.

आईने पदराला हात पुसले आणि ती गॅलरीत जाऊन खुर्चीवर बसली. दिवसा, कामाच्या वेळी तिला खुर्चीवर बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"आई, होतं असं."

"कदी न्हाई झालं." ती स्वतःच्या बोटांकडे तोंड करून बसली होती. "डोळं गेलं तवा मला काय वाटलं न्हाई. मी काय डोळ्यांनी बघत हुते व्हय? नाव हाय की डब्याला, बोटाला लागतं. आज शेवंतीचं नाव नीट लागलं, न् आत रवा. आता बोटं बी गेली, सुमे. उद्यापास्नं तूच करत जा."

डबा उचलण्याआधी आई त्याच्या कडेवरून बोट फिरवते, हे मी दोन वर्षं रोज बघत होते. मला वाटायचं, धूळ बघतेय. म्हणून मी महिन्यातून दोनदा डबे घासत होते!

"बोटं बरोबर आहेत तुझी," मी म्हणाले. "साखर मी काढली तिथून."

"का?"

"शेवंतामावशीला पोचा आहे. लेबल सपाट बसत नव्हतं."

आईने मान वळवली. "तो पोचा तूच पाडलायस. पाचवीत व्हतीस. साखर चोरताना."

"आई, ते आता..."

"म्हंजी माजं न्हाई चुकलं?"

"नाही."

"नक्की न्हाई?"

"नाही गं बाई!"

ती उठली. इतक्या वेगाने उठली की खुर्ची मागे सरकून कुंडीवर आदळली. "मग हितं काय उभी ऱ्हायलीस? साखर कुटं कोंबलीस ती काढ. तूप आण. वेलदोडं कूट. जावई, परातीला तूप लावा. आन् आदी त्या डब्यांचं काळं काढ!"

(ते काळं निघायला पुढे चार दिवस, एक हेअर ड्रायर आणि अर्धी बाटली खोबरेल तेल लागलं. कायमचा म्हणजे खरंच कायमचा.)

साखर घातल्यावर पातेलं सैल झालं, मग पुन्हा आवळलं. नवरा ढवळून ढवळून घामाघूम. दोन पराती भरल्या. मी पट्टी ठेवून सुरीने चौकोन पाडले. हेडक्लार्कला रकाने आखता येतात. खीर कापणारी आमच्या वस्तीतली पहिलीच मी.

विहारात वंदना झाली. लोकांनी वाट्या आणल्या होत्या. त्यांच्या वाट्यांत आम्ही खिरीचा एकेक तुकडा ठेवत गेलो. पहिल्यांदा लोक वाटीत वाकून बघत राहिले. मग कुणीतरी दुसरा तुकडा मागितला. आई भिंतीला टेकून, ताठ बसून सगळ्यांना सांगत होती, "औंदा जरा येगळी केली."

शेजारच्या इमारतीतल्या एक बाई माझ्याकडे वाटी घेऊन आल्या. वडी त्यांनी उजेडात धरून चारी बाजूंनी बघितली.

"किती सारख्या कापल्यात हो ताई! एकही वाकडी नाही. मशीन आहे का तुमच्याकडे?"

आठ महिने मी माणसं धरून धरून मशीनबद्दल सांगितलं होतं. आपणहून विचारणारी ही पहिलीच. आईने कान टवकारले. नवऱ्याने परातीत तोंड घातलं.

"नाही हो," मी म्हणाले. "सुरीने."