एका मोटारीची तीन मॉडेलं आणि आजीची तीन मरणं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. चहा आहे, वेळ आहे, माझी तयारीही आहे. पुढे हसण्यासारखं फारसं काही नाही. मी आजवर एकच शास्त्रीय प्रयोग शेवटपर्यंत नेला, आणि त्यात माझी आजी तीन वेळा वारली. एकाच दिवशी. तेही दुपारच्या जेवणाआधी!

आजी आजही ठणठणीत आहे. मेलं ते दुसरंच काहीतरी. ते सावकाश सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात मी मद्रासहून मोटारींच्या इंजिनिअरिंगची पदवी घेऊन परत आलो. घर इंझोरीला, पण गेलो थेट मामाकडे. मामाचं गाव जऊळका स्टेशनापासून तीन मैलांवर, मालेगावच्या रस्त्याला. (आमचं मालेगाव. नाशिककडचं नव्हे.) किसनमामा रेल्वेत गँगमन होता. त्याच्याच पगारावर मी शिकलो. मी तिकडे पंख्याखाली इंजिनांची चित्रं काढत होतो तेव्हा तो इकडे उन्हात रूळ ठोकत होता. आता तो रिटायर झाला होता आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. फंडातून एक जुनी मोटार घ्यायची आणि जऊळका स्टेशन ते मालेगाव टॅक्सी चालवायची. मोटार चालवायला तो एका ट्रकवाल्याकडून शिकलासुद्धा होता.

"रेल्वेतून उतरलेल्या बुढ्या, बिमार मानसं उन्हातानात पायी जाते, बाबू," मामा म्हणाला. "तिथं आपली मोटार उभी पाह्यजे. त्यात कोनीबी बसन. पाटील बी, आपन बी. मांडीले मांडी लावून."

मांडीला मांडी! मी तर पेटलोच. बौद्ध वस्तीतल्या माणसाची मोटार, आणि तिच्या गादीवर सगळ्या जाती एका रांगेत! मी उभा राहून म्हणालो, "मामा, मोटार मी निवडणार. शास्त्राने."

तिथेच माझी जीभ झडली असती तर?

मालेगावला एक कापसाच्या जिनचे मालक, शेटजी, होते. त्यांच्याकडे एकाच छोट्या मोटारीची तीन मॉडेलं होती. कंपनीने नवं काढलं की शेटजी नवं घ्यायचे, आणि जुनं विकायला त्यांचं मन व्हायचं नाही. सरकीच्या शेडमध्ये तिन्ही पिढ्या ओळीने उभ्या. आजोबा काळे, बाप हिरवा, नातू लाल. यातली कोणतीही एक घेऊन जा, असं शेटजींनी सांगितलं.

काळी उंच आणि जड होती. तिची पुढची दारं उलटीकडून उघडायची. हिरवी सगळ्याच बाबतीत मधली. आणि लाल! काय सांगू! बसकी, हलकी, उभी असली तरी धावते आहे असं वाटावं. मोटार नव्हेच, खेळाडू! मद्रासला मी जिची चित्रं काढली ती हीच.

मामाने मात्र काळीच्या टपावर हात ठेवला. "हे बरी दिसते. बुढीले चढाले सोपी. नाल्यात पोट बी घासत नाई."

"मामा, असं नुसतं पाहून मोटार घेत नसतात!"

"मंग काय चाटून घेतेत?"

मी ऐकतो कसला? मला नुसती मामाची मोटार निवडायची नव्हती. 'मोटार घेणाऱ्यांसाठी: एका छोट्या मोटारीच्या तीन पिढ्या' असा लेख लिहून नागपूरच्या वर्तमानपत्राला पाठवायचा होता. अख्ख्या वऱ्हाडात लोक रंग पाहून मोटार घेतात, हे मला सहन होत नव्हतं.

मग नियम केले. तिन्ही मोटारींना रस्ता तोच. दिशाही तीच, म्हणजे चढ आणि वारा सारखा. मालेगावच्या वेशीवरून सुटायचं आणि मामाच्या शेताजवळच्या मैलाच्या दगडापर्यंत जीव तोडून पळवायचं. परत जाताना मागच्या पांदणीने, नाल्यातून, म्हणजे खराब वाटेचीही परीक्षा होईल. आणि वजन तिन्ही वेळा तेच हवं. म्हणून पुढे माझ्याशेजारी मामा, मागे मामी आणि आजी, म्हणजे मामाची आई.

"मले कायले नेता रे?" आजी म्हणाली. "मी काय जवारीचं पोतं हावो?"

"आजी, तू गिऱ्हाईक आहेस."

"मंग पयले च्या पाज."

आता तुम्ही नीट डोळ्यांसमोर आणा. एप्रिलची धूळ. मी काळी मोटार सोडली. मैलभरातच आजीला मळमळायला लागलं. ती मामीच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली, आणि धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून तिने बरोबर आणलेलं पांढरं लुगडं डोक्यापासून पायापर्यंत ओढून घेतलं. मामी जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसली होती. प्रत्येक वळणाला ती "अवं माय वं! अवं माय वं!" करून गळा काढत होती. टोपी उडू नये म्हणून मामाने ती काढून हातात धरली होती आणि मान खाली घालून तो मांडीवरच्या घड्याळातले सेकंद मोजत होता. धुळीत दिसावं म्हणून मी भरदिवसा दिवे लावले होते. बैलगाड्या बाजूला व्हाव्यात म्हणून भोंगा एकसारखा दाबून धरला होता.

कळलं ना? मला नाही कळलं!

मालेगावला सरकारी दवाखाना आहे, आणि आमच्या भागात मोटार अशी तिकडून सुसाट येते ती एकाच कामासाठी. वाटेतल्या फाट्यावर गणपतचं चहाचं हॉटेल आहे. तिथली माणसं बाकावरून उठली आणि त्यांनी हात जोडले. मला वाटलं, वा! शास्त्राची कदर आहे गावात! मी हसून मान डोलावली.

"किसनाची बुढी गेली वाट्टे," गणपत म्हणाला. हे मला नंतर कळलं.

"पन भाचा तं हासून राह्यला!"

"शिकून येडा झाला असन."

आम्ही पांदणीने परत गेलो. काळी नाल्यातून म्हशीसारखी शांतपणे पार झाली. शेडमध्ये हिरवी घेतली आणि पुन्हा निघालो. पुन्हा तोच रस्ता, तेच लुगडं, तीच मामी, तोच भोंगा.

फाट्यावर आता वीसएक माणसं होती. त्यांच्या हिशेबाने मालेगावकडून काळी मोटार मढं घेऊन गेली होती आणि परत आलीच नव्हती. आता ही हिरवी आली. मग यात दुसरं मढं. एकाच मढ्यासाठी मोटार कोण बदलेल? तुम्हीच सांगा, तर्कात काही चूक आहे?

आणि तासाभराने लाल आली! वाऱ्यासारखी! वळणावर अशी चिकटून गेली की मी स्वतःच ओरडलो. फाट्यावर या वेळी हात जोडायला कोणी थांबलं नाही. एका घरात एका सकाळी तीन मढी म्हणजे पटकीची, कॉलऱ्याची साथ! गणपतने हॉटेलची फळी पाडली, माठ पालथे केले, आणि एक जण सायकलवरून दवाखान्याला वर्दी द्यायला धावला.

इकडे लाल मोटार नाल्यात उतरली आणि तिचं बसकं पोट दगडावर आपटलं. मद्रासच्या माझ्या चित्रांत नाला नव्हता. सगळं तेल वाहून गेलं. आजीच्याने चालवेना म्हणून ती आतच आडवी राहिली आणि मी, मामा, मामी मिळून मोटार ढकलत घराकडे निघालो. पावलापावलाने. माना खाली घालून. चौथ्यांदा अंत्ययात्राच, फक्त या वेळी रीतसर.

दारात अर्धं गाव. बांबू तोडून आणलेले. बायांनी टाहो फोडला. त्या आवाजाने आजी लुगडं बाजूला सारून उठून बसली.

"कायले रडून राह्यल्या वं? कोन गेलं?"

शेजारची शेवंताबाई भिंतीला टेकली. "तुमीच ना जी!"

"मी? कवा?"

"सकाळीच. काळ्या मोटारीत."

"मंग मले कोनी सांगतलं कसं नाई?"

हसले सगळे. मलाही वाटलं, मिटलं. पण पाटलांनी गळा साफ केला. "बरं झालं, बुढी वाचली. पन मंग बाकीचे दोघं कोन?"

"दोघं नाहीतच, पाटील. तिन्ही वेळा आजीच होती."

"एका बुढीले तीन मोटारी? आमाले येडं समजतं का?"

मी वही काढली. चढ, वारा, वजन, वेग, सगळं समजावलं. वजन सारखं का ठेवावं लागतं यावर मी जीव ओतून बोललो. जसजसा बोलत गेलो तसतसे लोक दोन पावलं मागे सरकत गेले. इतकी मोठी वही काढून हा सांगतो आहे, म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहेच!

संध्याकाळपर्यंत दवाखान्याची जीप आली. वर्दी आली की त्यांना करावंच लागतं. विहिरीत पावडर पडली, दारात पडली, आणि लाल मोटारीच्या गाद्यांवरही भरभरून पडली. दुसऱ्या दिवशी धनज गावाहून पाहुणे रडत आले. माझी आई इंझोरीहून रडत आली, आपल्या आईला जिवंत पाहून आणखी रडली आणि मग चप्पल घेऊन माझ्या मागे लागली.

मोटार दुरुस्त करून शेटजींकडे नेली तर त्यांनी शेडचं दार लावून घेतलं.

"कोनी मेलं नाई, मले मालूम हाय, किसन. पन लोकायले नाई ना मालूम. लाल आता तुमचीच."

अशी आमची मोटार निवडली गेली. शास्त्राने.

लेख मात्र मी पुरा केला. निष्कर्ष सांगतो, फुकट आहे. लाल सगळ्यात चपळ, डांबरी रस्त्यावर तिला तोड नाही. हिरवीत दोष नाही आणि गुणही आठवत नाही. पण ज्याच्या वाटेत नाला आहे आणि ज्याचं गिऱ्हाईक म्हातारं आहे, त्याने काळी घ्यावी. घेणाऱ्याने आधी आपला रस्ता पाहावा, मग मोटारीचा वेग. बावीस पानं झाली. मामाने हेच टपावर हात ठेवून एका दमात सांगितलं होतं.

मामा रोज स्टेशनावर लाल मोटार उभी करायचा. पुसून लख्ख. अकोल्याची गाडी यायची. माणसं उतरायची, मोटारीकडे पाहायची आणि बोचकं डोक्यावर घेऊन पायी चालू लागायची. मी त्यांच्या मागे धावायचो. शकुन-अपशकुन खोटे असतात, हे उन्हात उभं राहून सांगायचो. एक म्हातारी म्हणाली, "खरं हाय बापा," आणि पाय उचलून जोरात चालू लागली.

एकदा पाटील उतरले. गुडघे दुखत होते, तरी मोटारीला वळसा घालून निघाले. मामाने दार उघडून धरलं होतं.

"तुमची हाय म्हून नाई हो, किसन," पाटील म्हणाले. "तसलं आमी काई मानत नाई. पन हे मढ्याचं पडलं ना..."

आणि हे बोलताना त्यांचा चेहरा कसा मोकळा झाला, ते मी पाहिलं. पाय दुखत असूनही मोकळा.

मामाने दार हळूच लावलं. मग म्हणाला, "त्यायले निमित पाह्यजे होतं, बाबू. तुनं देल्लं."



पावसाळ्यात एक दिवस मालेगावच्या दवाखान्यात एक माणूस वारला. रस्ता चिखलाचा, बैलगाडी फसलेली. त्याचे भाऊ मामाकडे आले. "तुमची मोटार तसंबी हे काम करतेच ना?" मामाने किल्ली घेतली. मग दुसरा आला, मग तिसरा. आज मामाला तेच एक काम आहे. मराठे, माळी, बंजारा, आपली माणसं, कोणाचंही असो, लोक मामालाच बोलावतात आणि तो जातो. माझं स्वप्न होतं ना, एका गादीवर सगळ्या जाती बसतील? बसलं कोणीच नाही. झोपले मात्र सगळ्या जातींचे.

मग मला या तुमच्या शहरातल्या नोकरीचं पत्र आलं. मी ठरवलं, स्टेशनापर्यंत मामाच्या मोटारीतूनच जायचं. मागच्या गादीवर, ताठ बसून, दिवसाढवळ्या. निदान एक जिवंत माणूस तरी त्या मोटारीत लोकांना दिसू दे!

निघालो. आंब्याखाली बसलेली माणसं उठली. एकाने टोपी काढली. शेतात निंदणाऱ्या बायांनी विळे खाली ठेवून हात जोडले. मला राहवेना. मी काच खाली केली आणि बाहेर हात काढून जोरजोराने हलवला.

एक बाई किंचाळून बांधापलीकडे पळाली.

"हात आत घे, बाबू," मामा पुढे पाहतच म्हणाला. "लय मुश्किलीनं हा एक धंदा जमला. मढे उठून बसते म्हनले, तं हे गिऱ्हाईक बी जाईन."

मी हात आत घेतला. काच वर केली. आणि पदवी घेऊन आल्यापासून पहिल्यांदाच मामाचं मुकाट्याने ऐकलं: डोळे मिटले आणि स्टेशन येईपर्यंत गादीवर आडवा पडून राहिलो.