गाडी मी चालवली

माझा नवरा मालवाहू जहाजांवर इंजिनिअर आहे. वर्षातले सात-आठ महिने तो समुद्रावर, आणि मी आमच्या मुलीबरोबर सिंगापूरला, क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये. तो घरी आला की पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्या आठवड्यात तो स्वयंपाकघरातले डबे स्वतःच्या मनाप्रमाणे हलवायला लागतो.

जूनच्या सुट्टीत त्याने परस्पर नॉर्वेची तिकिटं काढली. उत्तरेकडचा तो किनारा त्याने जहाजावरून कित्येकदा पाहिला होता, आता आम्हाला जमिनीवरून दाखवायचा होता. दहा दिवसांसाठी मोटरहोम ठरवलं होतं. त्यात पलंग, शेगडी आणि कपाटाएवढी बाथरूम. पहिल्याच दिवशी त्याने आत नियमांचा कागद चिकटवला. अंघोळ चार मिनिटं. बूट दाराशी. त्याला विचारल्याशिवाय हीटर लावायचा नाही.

बाहेर काळे डोंगर सरळ समुद्रात उतरत होते. त्यांच्या घळीत बर्फ होतं, रस्त्यावर मध्येच मेंढ्या बसलेल्या. सुंदर होतं ते सगळं, पण त्याला "बघ ना" म्हणावंसं मला एकदाही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मुलगी केस धूत होती. याने घड्याळ पाहिलं आणि पाण्याच्या पंपाचं बटण बंद केलं.

"बाबा, शॅम्पू स्टिल इन माय हेअर लाह," ती आतून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"चार मिनिटं झाली."

"पंप चालू कर," मी म्हटलं.

"टाकी उद्यापर्यंत पुरवायची आहे. जहाजावर असले लाड चालत नाहीत."

"हे जहाज नाही."

त्याने बटणावरचा हात काढला नाही. मुलगी डोळे चोळत बाहेर आली. मी प्यायच्या पाण्याच्या बाटल्या तिच्या डोक्यावर रिकाम्या केल्या. "आता प्यायला काय?" एवढंच तो म्हणाला, आणि कॅमेरा घेऊन खाली किनाऱ्याकडे गेला.

किल्ली गाडीलाच होती. सिंगापूरमध्ये आमची गाडी नाही, पण लायसन्स आहे, आणि मोटरहोमच्या कागदांवर माझं नावही ड्रायव्हर म्हणून लिहिलेलं होतं. मी दार लावलं आणि गाडी सुरू केली.

मुलगी डोक्याला टॉवेल गुंडाळून शेजारी येऊन बसली. "आई, बाबा?"

"राहू दे त्याला."

तिने पट्टा लावला. "कीप राइट, आई. राइट." इथे गाड्या उजवीकडून चालतात, मी सवयीने डावीकडे गेले होते.

मागे खण उघडून ताटल्या खाली पडत होत्या. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि वाऱ्याने गाडी हलत होती. मला भीती वाटत होती. थांबावंसं मात्र वाटत नव्हतं. गाडी वळवायला जागाच नव्हती. अर्ध्या तासाने रस्ता फेरीबोटीच्या धक्क्यापाशी संपला. तिथल्या दुकानातून आम्ही पाणी घेतलं, पाव खाल्ला आणि परत निघालो.

आम्ही गाडी जिथून काढली होती, तिथेच तो रस्त्याच्या कडेला उभा होता. जॅकेट गाडीत राहिलं होतं. ओठ निळे पडले होते. मी इंजिन बंद केलं नाही.

"तू काय केलंस, कळतंय तुला?"

"कळतंय. मागे बस."

तो मागे बसला. मुलीने जॅकेट त्याच्याकडे फेकलं आणि भिंतीवरचा नियमांचा कागद काढून चुरगळला. त्याने तिला अडवलं नाही.

उरलेले दिवस गाडी मीच चालवली. एका वळणावर आमचं चाक अगदी कडेला गेलं. त्याने ते पाहिलं, मला आरशात दिसलं, पण तोंड उघडलं नाही. जेवायला काय आणि मुक्काम कुठे, एवढंच आम्ही बोलत होतो.

सिंगापूरला परतल्यावर तो जहाज कंपनीच्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जाऊन लवकरचं जहाज मागून आला. दोन आठवडे आधीच गेला. दर वेळी मी त्याला सोडायला चांगी विमानतळावर जाते. या वेळी मी तांजोंग पगारला कामावर गेले.

आता तो रविवारी फोन करतो. मुलीशी बोलतो, मग माझ्याशी फ्लॅटच्या भाडेकराराबद्दल. त्या सकाळचा विषय त्याने एकदाच काढला. "निदान सॉरी तरी म्हण," म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. फोनवर त्याच्या जहाजाच्या इंजिनाची घरघर येत होती. मग त्याने फोन ठेवला.