जयसिंगरावांची पागा

सांवेर रोडवर कारखान्यांची रांग जिथे विरळ होत जाते, तिथे कडुनिंबांच्या सावलीत बसगाड्यांचं एक मोठं यार्ड आहे. पहाटे तिथे आधी खराट्याचा आवाज येतो, मग बादल्यांचा, मग एकेका इंजिनाचा. या गाड्या सकाळी सुदामा नगर आणि आसपासच्या वस्त्यांतून कामगारांना उचलून कारखान्यांत आणतात आणि संध्याकाळी घरी सोडतात. या साऱ्या कारभाराचे प्रमुख जयसिंगराव. उंच अंगकाठी, पाठ अजून ताठ, मिशा पांढऱ्याशुभ्र. उभ्या गाडीजवळ गेले की आधी तिच्या अंगावरून हात फिरवतात, मग बोलायला लागतात. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते. घरातून घोडा जाऊन पिढ्या लोटल्या, पण हाताची सवय काही गेली नाही.

त्या काळी घोडेस्वार दोन तऱ्हेचे असत. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. शिलेदाराचा तोरा वेगळाच. जयसिंगरावांचं घराणं शिलेदारांचं, आणि ही हकीकत त्यांनी यार्डातल्या ड्रायव्हरांना इतक्यांदा ऐकवली होती, की चहाच्या वेळी कुणी नुसतं ‘घोडा’ म्हटलं तरी बाकीचे आपापले कट चहाचे ग्लास उचलून दूर पळत.

यार्डातली रीतही शिलेदारीचीच होती. गाड्या मालकांच्या, पण प्रत्येक गाडीला तिचा एकच ड्रायव्हर. तोच तिला धुणार, तोच चालवणार, तोच तिच्या काचेवर नातीचं नाव लिहून घेणार. ड्रायव्हर आजारी पडला की गाडी उभी राही. गाडी दुरुस्तीला गेली की ड्रायव्हर निंबाखाली पत्ते खेळे. सुदामा नगरच्या नाक्यावर डबे घेऊन उभी राहिलेली माणसं मात्र रस्त्याकडे बघत राहत, आणि कारखान्यात उशिरा पोचल्याबद्दल बोलणी खात.

मालकांचं वय झालं आणि त्यांची मुलगी अनुश्री कामकाज बघू लागली. एका कारखान्याने तिला साफ सांगितलं, आमचे लोक वेळेवर येणार नसतील तर आम्ही दुसऱ्या गाड्या बघतो. तिने जयसिंगरावांना बोलावून घेतलं.

“काका, आता कोणतीही गाडी कोणीही चालवेल. सकाळी मोबाइलवर नंबर येईल, त्या गाडीत जाऊन बसायचं. सिंपल.”

“सिंपल आहे, ताई,” जयसिंगराव म्हणाले. “पण जी गाडी कुणाचीच नाही, तिची काच पुसणार कोण?”

“मग काय करायचं?”

जयसिंगरावांनी मिशीवर बोट फिरवलं. “पूर्वी सरकारी घोड्यांच्या पागा असत. पागेतले घोडे त्या पागेतल्या स्वारांनी मिळून सांभाळायचे. आपण तसंच करू. चार गाड्यांची एक पागा, तिला पाच ड्रायव्हर. कुणी सुट्टीवर गेला तरी गाडी थांबणार नाही, आणि गाडीला घरही राहील.”

अनुश्रीला हसू आलं. “काका, तुम्ही तर शिलेदार ना? बारगिरांची बाजू कधीपासून घ्यायला लागलात?”

“लोक रस्त्यावर ताटकळतात, ते दिसायला लागलं तेव्हापासून.”

तिला ते पटलं. त्यांना तर आधीपासूनच पटलेलं होतं. अडचण एकच होती, आणि तिचं नाव रघुवीर.

रघुवीर आणि जयसिंगराव दोघे तरुणपणी एकाच आठवड्यात या यार्डात आले होते. एक पुढे प्रमुख झाला, दुसऱ्याने स्टिअरिंग सोडलं नाही. रघुवीरच्या गाडीचं नाव लाडो. तिच्या सीटवर त्याने घरून शिवून आणलेलं कव्हर, डॅशबोर्डवर रोज ताजं फूल, आणि बंपर असा चकचकीत की लोक त्यात भांग पाडत. असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. असा मित्रही जयसिंगरावांना दुसरा नव्हता.

पागेची बातमी कळताच रघुवीर केबिनच्या दारात येऊन उभा राहिला.

“वा रावसाहेब,” तो म्हणाला, “आयुष्यभर शिलेदारी सांगितलीत, आणि आता अपल्याला बारगीर करून राहिले?”

“रघू, बस तरी.”

“बसायला वेळ नाही. लाडोची चाबी दुसऱ्याच्या हाती गेली, की दुसऱ्या दिवशी अपण इथे दिसणार नाही. समझ लो.”

दुसऱ्या कुणाला जयसिंगराव चार गोष्टी सुनावते. पण रघुवीर नसलेलं यार्ड त्यांना डोळ्यांसमोर आणता येईना. शेवटी त्यांनी स्वतःच तोड काढली. सगळ्या गाड्या पागेत जातील, लाडो तेवढी सध्या बाहेर राहील.

घरी जेवताना त्यांनी हे पत्नीला, प्रेमलताबाईंना, सांगितलं. बाई पोळी लाटता लाटता थांबल्या.

“म्हणजे गल्लीतली सगळी पोरं शाळेत घातलीत, आणि लाडक्या मित्राचं तेवढं घरी ठेवलंत!”

“थोडे दिवस.”

“घरी राहिलेली पोरंही असंच म्हणतात,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची पोळी तव्यावर टाकली.

पागा सुरू झाल्या. पहिले काही दिवस यार्डात नुसती धमाल. एकाची गाडी दुसऱ्याने चालवली की तिची सारी गुपितं बाहेर पडत. पियुष नावाचा एक तिखट जिभेचा तरुण ड्रायव्हर गाडीतून उतरता उतरताच ओरडला, “भिया, तुझी राणी ब्रेक मारला की डावीकडे ओढते रे!”

“ओढत नाही,” राणीचा जुना धनी म्हणाला, “लाडात येते.”

हसता हसता एक गोष्ट जयसिंगरावांच्या ध्यानात आली. इतकी वर्षं ड्रायव्हर गाडीचे दोष अंगावर घेत आले होते. ती डावीकडे ओढते, तर हा उजवीकडे वळवून धरी. दार अडकतं, तर हा लाथ मारी. आपल्या माणसाची तक्रार कोण करतो? आता तक्रारी येऊ लागल्या तशा दुरुस्त्याही होऊ लागल्या.

पण हसू फार टिकलं नाही. लाडो रोज सकाळी एकटीच आपल्या धन्याला घेऊन दिमाखात फाटकाबाहेर पडे, आणि बाकीचे तिच्याकडे बघत राहत. एके सकाळी जयसिंगराव आले, तर प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या जुन्या गाडीत चढून बसलेला. कुणी खाली उतरेना.

पियुषने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “जयसिंगजी, पहले लाडोची चाबी निकालो. मग आमची मागा. कायदा सबके लिए एक होना.”

तो खरं बोलत होता. त्या दिवशी गाड्या जुन्याच रीतीने गेल्या. संध्याकाळी जयसिंगराव लाडोपाशी आले. रघुवीर बंपर पुसत होता.

“रघू, तुला वगळलं ही माझी चूक झाली.”

फडकं थांबलं. “म्हणजे काढून घेतोस.”

“हो.”

“मग अपण चाललो.”

जयसिंगराव जागचे हलले नाहीत. “जायचं तर जा. मी अडवणार नाही. पण उद्या सकाळी एक फेरी माझ्यासाठी कर. लाडो मी चालवतो. तू मागे बस.”

“मागे?”

“अगदी शेवटच्या सीटवर. कधी बसला आहेस तिथे?”

रघुवीरने बरंच आठवून पाहिलं आणि फडकं पिळलं.

सकाळी लाडो सुदामा नगरला पोचली. कारखान्यातल्या बायका चढल्या. त्यांच्यातल्या भानुमतीबाई मागच्या सीटवर आल्या आणि रघुवीरला बघून चपापल्या.

“अगो बाई, भाऊ, आज तुम्ही इथे?”

“आज अपण पाव्हणे,” रघुवीर म्हणाला.

बाईंनी पिशवीतून जुन्या गोधडीची घडी काढून सीटवर ठेवली आणि मग बसल्या. रघुवीरने मान वळवून पाहिलं. मागच्या ओळींत प्रत्येक बाईकडे अशी एक घडी होती. हे कशाला, असं तो विचारणार तेवढ्यात गाडी गतिरोधकावरून गेली. तो हातभर उडाला आणि दाणकन् खाली आदळला. सीटखाली लोखंड करकरलं. थोडं पुढे गेल्यावर पायांखालच्या फटीतून धुराचा वास आला, आणि बायकांनी बोलणं न थांबवता पदर नाकाला लावले.

“हे रोज असं होतं?” त्याने विचारलं.

“रोजचंच आहे, भाऊ.”

“मग कधी बोलला का नाहीत?”

भानुमतीबाई संकोचून हसल्या. “कसं बोलणार? तुम्ही किती जीव लावता हिला. रोज फूल काय, पुसणं काय. वाटायचं, सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल.” मग आपली घडी अर्धी उलगडून त्यांनी त्याच्याकडे सरकवली. “ही घ्या. पुढे अजून दोन मोठे खड्डे आहेत.”

रघुवीर ती गोधडी खाली घेऊन बसला. पुढच्या आरशातून जयसिंगराव मधूनच त्याच्याकडे पाहत होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. कारखाना आला, बायका उतरल्या, लाडो रिकामी होऊन यार्डात परतली.

रघुवीर खाली उतरला तो सरळ दुरुस्तीच्या शेडकडे गेला. तिथल्या मिस्त्रीला म्हणाला, “हिला ठेवून घे. मागच्या सगळ्या सीटा उघड, खालचा पत्रा बदल, धुराची नळी बघ. सगळं झाल्याशिवाय बाहेर काढायची नाही.”

जयसिंगराव मागे येऊन उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, “आणि तू?”

“अपण काय?” रघुवीर खेकसला. “संध्याकाळची फेरी काय हवेत बसून करू? माझ्या पागेत कोणती गाडी मोकळी आहे, ते सांग.”

निंबाखाली पत्ते थांबले होते. पियुष उठला. त्याने खिशातून आपल्या गाडीची चाबी काढली आणि नेहमीसारखी फेकली नाही, जवळ जाऊन रघुवीरच्या हातात दिली. “उस्ताद, संभाळून. जरा नखरेवाली आहे.”

“बघतो तिचे नखरे.”

रघुवीर गाडीत चढला. सीट पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. मग साऱ्या यार्डाला ऐकू जाईल असा त्याचा आवाज आला.

“पियुष! या आरशात नुसतं आभाळ दिसतं रे! मागून ट्रक आला तर काय देव सांगणार तुला? आणि हा हॉर्न आहे का सर्दी झालेलं मांजर? मिस्त्री, पाना आण!”

पियुष पाना आणायला धावला, आणि जयसिंगराव हसू मिशीत लपवत निंबाखाली टेकले.