चेंडूवर पाय ठेवून हेमू थांबला तेव्हा

फोन आला तेव्हा मी पाचूबंदरला जाळी वाळत घालत होतो. "भावजी, हे गेले," एवढंच हेमूची बायको म्हणाली. झोपेतच गेला... पंचेचाळिशीही गाठली नव्हती मेल्याने! महिना उलटला, तरी माझा राग जात नाही. मला मागे ठेवून पुढे पळायची खोड त्याला मैदानावर कधीच नव्हती.

हेमू निर्मळच्या वाडीतला. मुंबईच्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबकडून आम्ही बरीच वर्षं एकत्र खेळलो. त्याच्या वळणाऱ्या किकचं पेपरवाले कौतुक करायचे. अहो, कसली कला? लहानपणी केळीच्या घडाला चेंडू लागला की त्याचे वडील, नाना, काठी घेऊन धावायचे. मार चुकवता चुकवता पोरगा केळींना वळसा घालून चेंडू मारायला शिकला.

आणि तो अंतिम सामना. बरोबरी, शेवटची मिनिटं. हेमूने डावीकडून चेंडू नेला आणि कॉर्नरच्या झेंड्यापाशी चक्क थांबला. चेंडूवर पाय, मान वर. समोरचे दोघे गोंधळून त्याच्यावर धावले, मी मोकळा झालो, त्याचा पास वळत आला, मी डोकं लावलं... गोल! काय डोकं चालवलं हेमूने, असं लोक आजही म्हणतात. खरं फक्त मला ठाऊक होतं. नानांनी त्याचा एकही सामना पाहिला नव्हता. त्या दिवशी त्याने हट्टाने त्यांना सामन्याचा प्रवेश-पास पाठवला होता, आणि तो त्यांची खुर्ची शोधत होता. खुर्ची रिकामी होती. परतताना बसमध्ये चषक मांडीवर घेऊन तो लहान मुलासारखा रडला. पुन्हा त्याने नानांना कधी बोलावलं नाही.

तेरावं झाल्यावर एका सकाळी मी निर्मळला गेलो. नाना ओटीवर करंडीत सोनचाफा भरत होते.

"त्या सामन्यात झेंड्यापाशी तो मुद्दाम थांबला होता का रे?" त्यांनी एकदम विचारलं.

खरं सांगून म्हाताऱ्याला कुठे मोडू? "हो नाना, मुद्दामच."

"नाही. कुणाला तरी शोधत होता."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मी होतो ना तिथे. फाटकाच्या जाळीमागे. दादरला फुलं विकून तसाच आलो होतो, हातात करंडी, पाय चिखलाचे. खुर्च्यांवर त्याचे साहेब लोक. म्हटलं, पोराला लाज नको."

"अहो, मग त्याला सांगितलं का नाही?"

"विचारेल तेव्हा सांगू म्हटलं..."

हेमूने कधी विचारलंच नाही. देवा, एवढ्याशा ओटीवर दोघे जन्मभर समोरासमोर जेवले!

नाना पुन्हा फुलं भरू लागले. "सामन्याला निघताना करंडीतलं एक फूल चोरून न्यायचा," ते म्हणाले. "म्हणून सगळ्यात टपोरं मी वर ठेवायचो."

भरलेल्या करंडीवर आजही एक टपोरं फूल होतं.