मानेला चार गुण

मला मारामारीचे सिनेमे आवडतात. हे आधीच सांगून टाकते, कारण गणिताची बाई, दोन मुलांची आई असं काही बोलली की लोकांना ती गंमत वाटते. गंमत नाही. पडद्यावर प्रेमाचं गाणं लागलं की मी चहा ठेवायला उठते. कोणी कोणाचं डोकं भिंतीवर आपटलं की परत येऊन बसते.

ही आवड वडिलांची. आम्ही शाहपुरचे, घरची केळी. केळीचा ट्रक भरून दिला की वडील मला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून बुऱ्हाणपूरच्या टॉकीजला न्यायचे. नवा सिनेमा लागला की पहिली मारामारी तिकीट खिडकीवरच व्हायची, ती फुकटात बघायला मिळायची. एकदा खुर्चीवरून दोघांची जुंपली आणि एकानं दुसऱ्याचं नाक फोडलं. नाक फुटलेला माणूस रुमाल लावून आमच्याच रांगेत अख्खा सिनेमा बघत बसला. पडद्यावर नायकानं सहा जणांना लोळवलं होतं. त्याच्या शर्टावरचं रक्त लालभडक होतं आणि मध्यंतरापर्यंत तसंच लालभडक राहिलं. रुमालावरचं तोवर तपकिरी झालं होतं. मी वडिलांना ते दाखवलं. ते म्हणाले, "तू तं मोठी पारखी निघाली वं." त्या एका शब्दानं माझं डोकं जे फिरलं ते बरीच वर्षं जागेवर आलं नाही.

आता ते टॉकीज राहिलं नाही, तिथे लग्नं लागतात. सिनेमा टीव्हीवर आणि फोनवर आला, देशोदेशीच्या मालिका आल्या, आणि हाणामारी अशी आली की आमच्या लहानपणचे खलनायक ती बघून रडले असते. मी लग्न होऊन बुऱ्हाणपुरातच, लोधीपुऱ्यात आले, शाळेत लागले, आणि रविवारी दुपारी मुलं खेळायला गेली की समीक्षा करायला लागले. आधी शाळेतल्या बायकांच्या ग्रुपवर लिहायची. मग व्हिडिओ टाकायला लागले. व्हिडिओत माझं तोंड दिसत नाही. पुस्तकांच्या गठ्ठ्याला फोन टेकवायचा, खाली शाळेची चौकटीची वही, हातात लाल पेन. तोंड बोलतं आणि हात गुण मांडतो. खुनाच्या कादंबऱ्याही मी याच वहीत तपासते.

गुण दहापैकी. रक्ताला तीन, आवाजाला तीन, मानेला चार. मानेला सगळ्यात जास्त का, असं लोक विचारतात. हात काय, कोणीही वेगानं फिरवतो. मार खरा की खोटा हे बघायचं तर खाणाऱ्याची मान बघावी. मार खोटा असला की मान फटका बसल्यावर हलते. ज्यानं कधी खरा मार खाल्लाय त्याची मान फटक्याआधीच आखडते, समोरच्याचा हात नुसता हलला तरी. हे कोणाला शिकवून येत नाही. मोठमोठ्या नटांना मी मानेत शून्य दिलं आहे. त्यांचे चाहते खाली शिव्या लिहायचे. एकानं लिहिलं, लोधीपुऱ्यात येऊन हात तोडीन. मी म्हटलं, ये, पण तोडताना मान माझी बघ, तुला शिकायला मिळेल. दहापैकी दहा मी कोणालाही दिले नव्हते, आणि त्याचा मला माज होता.

माझा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील गेल्यावर शाहपुरची केळी तोच बघतो. लहानपणी त्याचं गणित माझ्याकडे होतं, आणि राग माझ्या नाकावर. एक उदाहरण चुकलं की एक कानाखाली. मी उजव्या हाताची, म्हणजे समोर बसलेल्या त्याचा डावा कान. तेव्हा सगळ्या घरांत असंच शिकवायचे, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरंही आहे. पण सगळ्या घरांतल्या बहिणी माझ्याइतका जोर लावत नसाव्यात. माझ्या वहीत त्याला कधी दहापैकी दहा मिळाले नाहीत. आठ मिळाले तरी तो वही घेऊन आईकडे पळायचा.

मोठा झाल्यावर त्यानं फिल्मा काढायला घेतल्या. चार मित्र, एक फोन, दुपारी उन्हामुळे शेतात काम थांबलं की शूटिंग. भाषा आमचीच, अर्धी हिंदी. मारामारीचं वेड त्यालाही वडिलांकडूनच आलं असणार, पण त्याला टॉकीज मिळालं नाही, मी मिळाले. पहिली फिल्म त्यानं आधी मला पाठवली, मग जगाला. त्याला जगाचं काही पडलं नव्हतं. त्याला माझे दहा पाहिजे होते.

तिच्यातली शेवटची मारामारी तापीच्या राजघाटावर होती. पायऱ्यांवर भाऊ आणि त्याचा मित्र एकमेकांना केळीच्या खांबांनी बडवत होते. केळीचा खांब म्हणजे नुसतं पाणी आणि पापुद्रे. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. वर कुंकवाचं रक्त, ते तापीत डुबकी मारून आल्यावरही तसंच लाल. मी व्हिडिओ केला. म्हटलं, "केळीच्या खांबानं मारलं तर माणूस मरत नाही, भिजतो. रक्ताला शून्य, आवाजाला एक, मानेला शून्य. दहापैकी एक." माझा तो व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला. शाहपुरच्या बाजारात लोक भावाला विचारायचे, काय भाऊ, सुकला का? मला तेव्हा फार मजा वाटली. खोटं कशाला बोलू.

दोन महिने त्यानं फोन केला नाही. राखीला मात्र आला. राखी बांधून घेतली, जेवला आणि मग म्हणाला, "ताई, मतलब नेमकं काय कमी पडलं? सांग नं मले." मी वही काढली. रक्त वाळलं की काळपट पडतं, हे सांगितलं. बांबूचा आवाज वेगळा, खांबाचा वेगळा, हे सांगितलं. मानेचं तर करूनच दाखवलं. तो खाली मान घालून फोनमध्ये टिपून घेत होता, लहानपणी घ्यायचा तसा. निघताना चपला घालत म्हणाला, "आता दहाच घेईन तुह्याकडून." मी हसत म्हटलं, "मग आधी खरा मार खाऊन ये." उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

दिवाळीनंतर त्याची दुसरी फिल्म आली. खाली एकच ओळ होती: ताई, आता पाय. म्हणजे, आता पाहा.

मी ती रविवारी दुपारी एकटीनं बघितली. केळीचा मळा, घडाच्या ओझ्यानं झाड वाकू नये म्हणून लावतात ते बांबूचे टेके, आणि अंगात पांढरा शर्ट घातलेला माझा भाऊ. मित्र टेका उपसून त्याच्यावर धावून येतो. पहिला फटका पाठीवर. दुसरा खांद्यावर, तो आवाज ऐकून मी सरळ होऊन बसले. तिसऱ्याला टेका वर जातो आणि अजून खाली यायचा असतो तोच भावाची मान आखडते, डावा खांदा वर येतो, डोळे मिटतात. मग कानशिलावर फटका. तो गुडघ्यावर पडतो आणि तोंड उघडून नुसता बसतो, किंचाळतही नाही. पुढच्या प्रसंगात शर्टाच्या कॉलरपासून खिशापर्यंत काळपट तपकिरी डाग.

मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. घरात कोणी नव्हतं. तीच मारामारी मी पाच वेळा बघितली, मान आखडते तिथे थांबवून थांबवून. मग व्हिडिओ केला. आवाजाला तीन. मानेला चार, आणि म्हटलं, असा अभिनय मी भल्याभल्यांचा पाहिला नाही. रक्ताबद्दल तर फारच शहाणपणा पाजळला. म्हटलं, "वाळलेलं रक्त दाखवायला या पोरांनी केळीचा चीक वापरलाय. आमच्याकडच्या माणसालाच हे सुचणार. तीनपैकी तीन." लाल पेनानं दहा लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

केळीचा चीक ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा चीक गळतो. कपड्याला लागला की थोड्या वेळात तपकिरी होतो, वाळलेल्या रक्तासारखाच. आणि मग कशानंही जात नाही. साबण, सोडा, रॉकेल, काहीही लावा. आमच्या घरात कापणीचे कपडे वेगळे असतात आणि ते जन्मभर डागाळलेलेच असतात.

पुढच्या रविवारी मावा जलेबीचा डबा घेऊन मी शाहपुरला गेले. भाऊ अंगणात खाटेवर बसला होता, डावी बाजू माझ्याकडे. मी फाटकातून हाक मारली. तो हलला नाही. जवळ जाऊन पुन्हा मारली. तो आपला फोनमध्ये. तिसऱ्यांदा मी जवळजवळ ओरडलेच, तरी ढिम्म. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी जलेबी घेऊन आले, दहा गुण दिले, आणि हा भाव खातो? हात शिवशिवला. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा तो दचकून उठला आणि हसला. "ताई! कव्हा आली?"

त्याच्या अंगात तोच पांढरा शर्ट होता. मी फिल्म पाच वेळा बघितली होती, खिशावरची निळी शिवण मला पाठ होती. शर्ट धुतलेला, स्वच्छ. कॉलरपाशी तेवढी फिकट पिवळी झाक.

आई पाणी घेऊन आली. मी तिला विचारलं, "हा शर्ट तोच ना गं? चीक कसा काढलास?"

"कुठला चीक?" आई म्हणाली. "चीक जाते का कधी? रगत होतं थे. घड पडला ना त्याच्या कानावर. मी त्याच सांजेले मिठाच्या थंड पाण्यात घातला शर्ट. निघालं सगळं."

आई आत गेली. भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. मी खाटेवर त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले, कारण एवढं गणित मलाही येतं.

"कोणता घड?" मी विचारलं.

त्यानं हातातला फोन खाटेवर पालथा ठेवला. मग म्हणाला, "पैले दोन शॉट दोस्तानं हात आवरला ना ताई. खोटं दिसत होतं सगळं. तू एक मार्क देला असता. मंग मीच त्याले शिव्या देल्या, माय-बहिणीवरून. मंग मारलं त्यानं." डॉक्टरला त्यानं बुऱ्हाणपूरला येऊन दाखवलं होतं, माझ्या घरावरून गेला होता, पण पायरी चढला नव्हता. कानाचा पडदा फाटलाय, पाणी जाऊ देऊ नको, ऐकू किती येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. "आता शिट्टी वाजते नुसती," तो म्हणाला. "रात्रंदिवस."

मला त्या मित्राचे हात मोडावेसे वाटले. तसं मी म्हटलंही. कुठे राहतो तो, चल दाखव, तोच टेका घेऊन जाते. माझा आवाज चढला तशी आई दारात आली आणि परत गेली.

"त्याचा काय दोष?" भाऊ म्हणाला. "रडत होता थो, फटका मारून. तूच तं सांगलं होतं, खरा मार खाऊन ये."

तो हे टोमणा म्हणून बोलला असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. त्यानं ते उदाहरण सोडवल्यासारखं सांगितलं. मला रडू आलं आणि रडण्याचाही राग आला. मी फोन काढला आणि तो व्हिडिओ उघडला. माझाच आवाज आला, "असा अभिनय मी भल्याभल्यांचा..." तो बंद केला आणि पुसून टाकायला बोट पुढे केलं.

भावानं माझं मनगट धरलं. "काढू नको ताई. तेवढेच तं दहा हायेत माह्ये."

मी फोन खाली ठेवला. जलेबीचा डबा आमच्या दोघांच्या मध्ये तसाच बंद होता. कान दाखव, मी म्हटलं, बघू दे मला काय झालंय ते. मी उठून त्याच्या समोर उभी राहिले आणि त्याचे केस मागे सारायला उजवा हात उचलला. हात अजून वीतभर लांब होता, आणि त्याची मान आखडली, डावा खांदा वर आला, डोळे मिटले.

फिल्ममध्ये मी हेच पाच वेळा थांबवून थांबवून बघितलं होतं. ही मान त्यानं कुठून आणली ते आता मला कळलं. मी हात खाली घेतला आणि तो डोळे उघडीपर्यंत तशीच उभी राहिले.